जुना संगणक, नवी स्मृती : एक अभ्यास

निवासी शाळेतील संगणक कक्षाचे मोल शहरातील सुखवस्तू घरांना सहसा कळत नाही. गोदाकाठच्या कोपरगाव परिसरात ऊसतोड, शेतमजुरी वा वीटभट्टीवर राबणाऱ्या आईवडिलांची जी मुले वसतिगृहात राहून शिकतात, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी संगणक नसतो. शाळेतील यंत्र हाच त्यांचा या विद्येशी पहिला परिचय. म्हणून ते यंत्र चालते की नुसतेच टेबलावर बसून राहते, हा प्रश्न आम्ही शिक्षणाच्या समान संधीचा मानतो.

शाळांमध्ये माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान पोहोचविण्याची केंद्र शासनाची योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली, २०१० मध्ये ती सुधारण्यात आली आणि २०१८ पासून ती समग्र शिक्षा अभियानाचा भाग झाली. या काळात गावोगावच्या शाळांत संगणक आले. आज त्यांतील अनेक यंत्रे दहा वर्षांहून जुनी आहेत. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत संगणक सुरू होण्यासच सात मिनिटे लागली, तर तासिकेचा पाचवा हिस्सा मुलांनी रिकाम्या पडद्याकडे पाहण्यात घालविला असे होते. मग यंत्र निकामी ठरते आणि भंगारात जाते. वस्तुतः पुष्कळदा दोष एकाच भागाचा असतो. तो भाग म्हणजे हार्ड डिस्क.

याचे कारण इतिहासात आहे. १९५६ साली आयबीएम कंपनीने चकतीवर माहिती साठविणारे पहिले व्यापारी यंत्र बाजारात आणले. त्यात पन्नास चकत्या होत्या आणि त्यांवर सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. पुढे चकत्या लहान झाल्या, साठवण प्रचंड वाढली. पण मूळ रीत तीच राहिली. चकती फिरते आणि वाचणारा दांडा योग्य जागी सरकतो. सामान्य डेस्कटॉपमधील चकती मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती नोंद दांड्याखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे चार मिलिसेकंद लागतात. दांडा सरकण्यास आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. विखुरलेल्या नोंदी वाचायच्या तर सेकंदाला पाऊणशे ते शंभरच वाचून होतात. संगणक सुरू होताना नेमक्या अशाच हजारो लहान नोंदी वाचाव्या लागतात.

सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजेच एसएसडी, या बंधनातून मुक्त आहे. जपानमधील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेल्या फ्लॅश स्मृतीवर ती आधारलेली आहे. तिच्यात फिरणारा वा सरकणारा एकही भाग नाही. त्यामुळे विखुरलेल्या नोंदी ती सेकंदाला हजारोंच्या संख्येने वाचते. जुन्या मदरबोर्डवरील साटा जोडणी संथ असली तरी हा मुख्य लाभ मिळतोच.

मात्र खरेदीपूर्वी प्रत्येक यंत्राची परीक्षा करावी. त्यात साटा जोडणी आहे का, ते पाहावे. रुंद पट्टीची जुनी केबल असलेल्या यंत्रावर खर्च करू नये. रॅम दोन जीबीच असेल तर ती प्रथम वाढवावी. किमान चार, शक्यतो आठ जीबी असावी. घड्याळ व तारीख वारंवार चुकत असल्यास मदरबोर्डवरील नाण्यासारखा सेल बदलावा. पंख्यावरील धूळही काढावी.

त्यानंतरचे काम क्रमाने करावे. पहिली पायरी बॅकअपची : सर्व कागदपत्रे व छायाचित्रे बाहेरील डिस्कवर उतरवून घ्यावीत आणि ती तेथे उघडतात याची खात्री करावी. दुसरी पायरी जोडणीची : वीजप्रवाह बंद करून वायर काढावी, सुरू करण्याचे बटण क्षणभर दाबून उरलेला भार उतरू द्यावा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर विद्युत घालवावी आणि मगच एसएसडीला साटा केबल व वीजजोड लावावा. एसएसडी आकाराने लहान असल्यामुळे ती बसविण्यास पट्टी मिळते. तिसरी पायरी कार्यप्रणालीची. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत काढता येते. परंतु नवी ड्राइव्ह लहान असेल तर ते अवघड जाते, म्हणून शाळेसाठी नव्याने स्थापना करणे सोयीचे. स्थापनेपूर्वी बायोसमध्ये साटाची पद्धत एएचसीआय अशी ठेवावी आणि स्थापना झाल्यावर सुरू होण्याच्या क्रमात एसएसडी प्रथम आणावी.

कार्यप्रणाली कोणती, हाही आज महत्त्वाचा प्रश्न आहे. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ बहुतेक जुन्या प्रोसेसरना स्वीकारत नाही. अशा यंत्रांवर उबुंटू, लिनक्स मिंट किंवा सी-डॅक या भारतीय संस्थेची बॉस ही मुक्त प्रणाली बसविता येते. त्यांवर मराठी टंकलेखन होते, लिब्रे ऑफिस चालते आणि परवान्याचा खर्च येत नाही.

एसएसडीच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. तिने प्रोसेसर वेगवान होत नाही, इंटरनेटही नाही. तिच्यावर डीफ्रॅगमेंट चालवू नये; थोडी जागा रिकामी ठेवावी. हार्ड डिस्क पुष्कळदा खडखडून पूर्वसूचना देते. एसएसडी मात्र अचानक मौन धरू शकते. वीज वारंवार जाते तेथे यूपीएस आणि चांगले अर्थिंग अगत्याचे आहे.

इतिहासाचे अध्यापक या नात्याने आम्हांस बॅकअपची पायरी सर्वांत मोलाची वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची अप्रकाशित हस्तलिखिते महापरिनिर्वाणानंतर दीर्घकाळ पेट्यांमध्ये होती. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले, तेव्हा कितीतरी लेखन जगापुढे आले. कागद टिकले म्हणून विचार पोहोचला. ज्या समाजाची दफ्तरे इतरांनी ठेवली नाहीत, त्याने आपली स्वतः ठेवली पाहिजेत. शाळेचे जुने निकाल, स्नेहसंमेलनांची छायाचित्रे, माजी विद्यार्थ्यांच्या याद्या आज अशाच म्हाताऱ्या हार्ड डिस्कवर पडून असतात. त्यांची एक प्रत शाळेत आणि दुसरी शाळेबाहेर, अशा निदान दोन प्रती हव्यात.

काढलेली हार्ड डिस्क धडधाकट असेल तर दुय्यम साठवणीस उपयोगी पडते. निकामी असेल तर ती भंगारवाल्यास न देता नोंदणीकृत ई-कचरा पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यावी. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नुसते फॉरमॅट केल्याने माहिती पुसली जातेच असे नाही. विद्यार्थ्यांचे जातीचे दाखले व बँक खाते क्रमांक त्यात असू शकतात, म्हणून देण्यापूर्वी डिस्कवर पूर्ण पुनर्लेखन करावे.

माजी विद्यार्थी आणि पालक बंधुभगिनींना आमची एक विनंती आहे. शाळेस जुना संगणक भेट देण्याची इच्छा आपणांपैकी अनेकांची असते. तो देताना आपली माहिती पुसून, शक्य तर एक एसएसडी बसवून द्यावा. नव्या संगणकाच्या तुलनेत हा खर्च थोडा आहे. संगणक दुरुस्तीचे काम जाणणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी सुटीचा एक दिवस शाळेस द्यावा आणि नववी-दहावीच्या मुलांसमोर, त्यांच्याच हातांनी, हे काम करवून घ्यावे. यंत्र उघडून पाहिलेल्या मुलाला यंत्राची भीती राहत नाही, आणि पुढच्या वर्षीचा संगणक तो स्वतः दुरुस्त करतो.