आधी कोणी वाकायचं? ख्रिस्ती नम्रतेचे सात धडे

डहाणूहून पूर्वेला आशागडच्या बाजूला निघालं की चिकूच्या वाड्या मागे पडत जातात आणि भातशेतं, वारली पाडे लागतात. मंडळीच्या कामासाठी, मुलांना शिकवण्यासाठी या भागात माझं जाणं-येणं राहिलं आहे. नम्रतेवरची प्रवचनं मी पुष्कळ ऐकली, मुलांना नम्रतेचे धडेही दिले. पण नम्रता म्हणजे काय, हे मला पुस्तकापेक्षा इथल्या माणसांनी जास्त शिकवलं. त्यातलं जे मनात पक्कं बसलं, ते इथे क्रमाने मांडते.

१. नम्र व्हा म्हणण्याआधी, आपण ते कोणाला सांगतो आहोत ते पाहावं.

डहाणू-तलासरीत वाकणं ही पिढ्यान्‌पिढ्यांची सक्ती होती. जमीन सावकाराकडे आणि वारली त्याच्या वेठीला. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही ‘लग्नगडी’ होऊन सावकाराच्या दारात राबायची. १९४५ च्या मे महिन्यात झरी गावच्या परिषदेत वारल्यांनी वेठ करणार नाही असं ठरवलं. त्या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये लिहून ठेवली आहे. ज्यांच्या आजोबांना साहेबासमोर मान वर करायची परवानगी नव्हती, त्यांच्या नातवंडांना ‘मान खाली घाला, देवाला ते आवडतं’ असं सांगणारा माणूस देवाच्या नावाने सावकाराचंच काम पुढे नेतो.

पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताचं उतरणं सांगितलं आहे. त्या उतरण्याचा सारा अर्थ एका गोष्टीत आहे: तो देवाच्या बरोबरीचा होता आणि आपण होऊन खाली आला. त्याला कोणी ओढून खाली आणलं नव्हतं. म्हणून ख्रिस्ती नम्रतेची पहिली मागणी खुर्चीवर बसलेल्याकडे जाते. ज्याला आधीच जमिनीवर बसवलं आहे, त्याच्या वाट्याला त्याच शुभवर्तमानातून उठण्याचा निरोप येतो.

२. नम्रता हाताने करायची असते.

या भागात आलेली जुनी मिशन ब्रदरेन मंडळीची. १७०८ मध्ये जर्मनीतल्या श्वार्झेनाऊ गावी आठ माणसांनी नदीत बाप्तिस्मा घेऊन ही मंडळी सुरू केली. छळामुळे ती अमेरिकेत गेली. १८९४ मध्ये विल्बर स्टोव्हर आणि त्यांचे सोबती तिथून भारतात आले, वलसाडला स्थिरावले, आणि पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डहाणूतही काम उभं राहिलं. शाळा झाली, दवाखाना झाला.

या मंडळीची एक जुनी रीत मला फार मोलाची वाटते. योहानाच्या तेराव्या अध्यायात येशूने शिष्यांचे पाय धुतले. बहुतेक मंडळ्या त्यावर प्रवचन करतात, कॅथलिक देवळांत आज्ञा-गुरुवारी याजक काही जणांचे पाय धुतात. ब्रदरेन परंपरेत मात्र प्रीतिभोजनाच्या दिवशी सगळ्यांनीच एकमेकांचे पाय धुवायचे असतात. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. घमेलं, पाणी, कमरेला टॉवेल. ज्याचे पाय धुतले जातात, तोच उठतो आणि पुढच्याचे धुतो. त्यानंतर साधं जेवण आणि मग प्रभुभोजन.

मुलांना मी या विधीबद्दल सांगते तेव्हा मोठे शब्द लागत नाहीत. आवणी करून आलेल्या पायांना काय काय लागलेलं असतं, हे त्यांना ठाऊक असतं. भेगांतला चिखल काढायला वेळ लागतो, आणि उभ्याने तो निघत नाही. मनात नम्रतेचा भाव येण्याची वाट पाहत बसलं तर तो येईलच असं नाही. हात कामाला लागले की मन मागून येतं.

३. धुवून घेणं जास्त अवघड.

येशू पाय धुवायला आला तेव्हा पेत्र त्याला नको म्हणाला, ते मला अनेक वर्षं त्याचं मोठेपण वाटायचं. इथे वावरल्यावर त्या नकाराचा दुसरा अर्थ उमगला. शिकलेला माणूस दुसऱ्याला मदत करताना सुखावतो. दुसऱ्याकडून घ्यायची वेळ आली की त्याला संकोच होतो, कारण देणाऱ्याची जागा वरची असते आणि ती सोडवत नाही.

पाड्यावर गेलं की घरातली बाई आधी तांब्याभर पाणी देते. घरात थोडंच असलं तरी भाकरी पुढे येते. ‘कशाला, राहू द्या’ हे आपल्या तोंडी लगेच येतं. ते ऐकायला विनयाचं वाटतं, पण त्याने समोरच्याच्या हातातलं देणं आपण परत ढकलतो. पोटभर खावं, चव सांगावी, पुढच्या वेळी पुन्हा मागून घ्यावं. आपण फक्त देणारे राहिलो तर आपण अजून वरच आहोत.

४. शिकवणाऱ्याने शिकायला बसावं.

परक्या रूपात आलेल्या उपासनेला या मातीचा सूर लागावा म्हणून रेव्हरंड नारायण वामन टिळक आयुष्यभर झटले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, भजन-कीर्तनाची मराठी वाट ख्रिस्ती उपासनेत रुजवली, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्या दरबारात बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोघांनाही जागा होती. संतांच्या अभंगांजवळ शिष्य होऊन बसल्यामुळे त्यांचा ख्रिस्त मराठी माणसाला आपला वाटला.

आपल्या भागात हाच धडा एक पायरी खाली उतरून गिरवावा लागतो. आपली शुद्ध मराठीसुद्धा पाड्यावर परकीच असते. वारली बोली ऐकावी, चुकत का होईना बोलावी, लेकरांना हसू द्यावं. वारल्यांचं लग्न लावणारी बाई, म्हणजे धवलेरी, रात्रभर गाते. सृष्टी, पीक, देव आणि माणूस यांच्याविषयीचं तिचं ज्ञान तिने कोणत्याही वहीतून घेतलेलं नाही. तिच्यासमोर गप्प बसून ऐकणं ही माझ्या मते प्रार्थनेइतकीच गंभीर गोष्ट आहे.

५. ‘मी काहीच नाही’ म्हणणं सोडून द्यावं.

संडेस्कूलमध्ये उत्तम वाचणारी मुलगी पुढे यायला सांगितलं की मागे सरकते. मोठी माणसं कौतुकाने म्हणतात, किती नम्र पोर! मला ते कौतुक बोचतं. तिला कोणीतरी लहान राहायला शिकवलेलं असतं, आणि आपण त्या दडपणाला सद्गुणाचं नाव देऊन मोकळे होतो.

नम्रता म्हणजे स्वतःविषयी खरं बोलणं, कमी नाही आणि जास्तही नाही. मी मनाने लीन आहे असं येशूने स्वतःच सांगितलं, आणि ते सांगताना तो अवघडला नाही. आशागडच्या पंचक्रोशीतलंच उदाहरण घ्यायचं तर गंजाडचे जिव्या सोमा मशे. भिंतीवरची वारली चित्रकला त्यांनी कागदावर, कापडावर आणून जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ‘माझ्यात काही नाही’ म्हणून त्यांनी बांबूची काडी खाली ठेवली असती तर सगळ्यांचंच नुकसान झालं असतं. दिलेलं दान जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराला दाखल्यातल्या धन्याने नम्र म्हटलं नाही, आळशी म्हटलं. त्या मुलीला मी पुढे बोलावते आणि वाचून झालं की स्पष्ट सांगते, छान वाचलंस.

६. अन्यायासमोर गप्प बसणं ख्रिस्ताने शिकवलेलं नाही.

घरात मार खाणाऱ्या बाईला ‘सोशिक हो, नम्र हो’ असा सल्ला द्यायला बायबलचा आधार घेतला जातो. असा सल्ला देणाऱ्यांनी योहानाचा अठरावा अध्याय पुन्हा वाचावा. प्रमुख याजकासमोर शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा येशूने हात उगारला नाही, पण तो गप्पही राहिला नाही. माझं काय चुकलं ते दाखव, आणि चुकलं नसेल तर मारलंस का, असं त्याने तिथल्या तिथे विचारलं. काही तासांपूर्वी जो पाय धुवायला गुडघ्यावर बसला होता, त्याचाच हा प्रश्न आहे.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तिथल्या धर्मभगिनींनी त्यांच्याकडून आज्ञाधारकपणाची अपेक्षा केली. रमाबाईंनी प्रेम आणि आदर राखून पत्रांतून ठामपणे सांगितलं की आपली सदसद्विवेकबुद्धी आपण कोणाच्या हवाली करणार नाही. याच रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून, वैधव्यातून आलेल्या मुलींसोबत राहून अखेरपर्यंत सेवा केली. ताठ कणा आणि वाकलेले गुडघे एकाच देहात असू शकतात. मी तर म्हणेन, कणा ताठ असणाऱ्याच्याच वाकण्याला किंमत आहे.

७. संस्थांनीही नम्र व्हावं.

माणसाने वाकावं म्हणून आपण उपदेश करतो, पण मंडळी, शाळा, समित्या कधी वाकतात का? २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. त्यांत आपली ब्रदरेन मंडळीही होती. अडीचशेहून अधिक वर्षांच्या परंपरेची मंडळी आपलं वेगळं नाव बाजूला ठेवून इतरांत सामील झाली. काही मंडळ्या लहान बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्या, ब्रदरेन मात्र समजत्या वयाचा आग्रह धरणारे. नव्या मंडळीने दोन्ही रीती मान्य केल्या. ‘आमचंच खरं’ हा हट्ट सोडायला एकट्या माणसाला जेवढं बळ लागतं, त्याहून किती तरी जास्त संस्थेला लागतं.

लहान पातळीवर हे रोज करता येतं. कार्यक्रमात पाहुण्यांना खुर्च्या आणि पाड्यावरच्यांना चटई, ही मांडणी मोडावी. लूकच्या चौदाव्या अध्यायात येशूने शेवटच्या जागेचा दाखला दिला, तो जेवायला बसलेल्या पाहुण्यांचं निरीक्षण करून. पंगतीत पदाधिकाऱ्यांनी वाढावं आणि शेवटी जेवावं. जमाखर्च सगळ्यांसमोर वाचून दाखवावा. बैठकीत पहिलं मत आतापर्यंत न बोललेल्या बाईला विचारावं, आणि तिने नकार दिला तर तो तसाच लिहून घ्यावा.

नम्रतेची परीक्षा मी आता एकाच प्रश्नाने करते: माझ्या वाकण्याने समोरचा सरळ उभा राहिला का? तो उभा राहिला नसेल, तर माझं वाकणं ही माझ्या मनाची समजूत होती. ज्यांच्या हाती आज दवाखान्याची किल्ली, शाळेचा खडू, सभेचा माईक किंवा सातबारा आहे, त्यांनी हा प्रश्न सर्वांत आधी स्वतःला विचारावा. बाकीच्यांकडे नम्रता मागण्याचा अधिकार त्यानंतरही मिळत नाही. मिळते ती फक्त त्यांच्या पंगतीत बसायची जागा, आणि ख्रिस्ती माणसाला तेवढी पुरे आहे.