तिसऱ्या घंटेनंतरची लुकलुक

प्रश्न : आमच्या नाट्यगृहात प्रेक्षागृहातले हॅलोजन काढून एलईडी बसवले. प्रकाश मंद करताना ते लुकलुकतात, शेवटी एकदम विझतात. दिवे खराब आहेत का?

उत्तर : दिवे नव्हे, जोडी चुकली असावी. जुना डिमर विजेच्या लहरीचा काही भाग कापतो. हॅलोजनची तार तापलेलीच राहते, म्हणून खंड जाणवत नाही. एलईडी लगेच प्रतिसाद देतो. शिवाय 500 वॉटच्या जागी 60 वॉट आले, की डिमरला लागणारा किमान भारही मिळत नाही. डिमर वगळून सलग वीज द्या आणि डीएमएक्स या प्रकाशनियंत्रण संकेतावर चालणारे, शून्यापर्यंत मंद होणारे एलईडी ड्रायव्हर घ्या. प्रकाशाचा रंग 2700 ते 3000 केल्विनचा ठेवा. कंत्राटदार झगझगाट हौसेने दाखवतो. तुम्ही अंधार पडताना पाहा, मगच बिल चुकते करा.