आनुवंशिक कर्करोग : कुटुंबाच्या इतिहासाचा अभ्यास

घरातील एखाद्या व्यक्तीस कर्करोगाचे निदान झाले की तिच्या पाठोपाठ नातेवाईकही डॉक्टरांसमोर येऊन बसतात आणि हलक्या आवाजात विचारतात, ‘हा आजार आमच्या लेकरांनाही होईल का?’ प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्त यांच्यासाठी ते उत्तर येथे सविस्तर मांडत आहोत.

बहुतेक कर्करोग आनुवंशिक नसतात

शंभर कर्करुग्णांपैकी साधारण पाच ते दहा जणांतच आजाराचे मूळ जन्मतः मिळालेल्या जनुकीय दोषात असते. उरलेल्यांत तंबाखू, जंतुसंसर्ग, वाढते वय अशी अन्य कारणे असतात. भारतातील पुरुषांत आघाडीवर असलेला तोंडाचा कर्करोग मुख्यतः तंबाखू, गुटखा व सुपारी यांमुळे होतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. आपल्या शेजारच्या तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर झालेला एक मोठा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. टाटा मेमोरियल रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांचा त्यात सहभाग होता. एचपीव्हीची एकच तपासणी आणि त्यानंतरचे उपचार यांमुळे या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, असे त्यात दिसून आले. म्हणून ‘आमच्या घरात कुणालाच नव्हता’ अशा समाधानात तंबाखू चालू ठेवणे किंवा तपासणी टाळणे योग्य नाही.

जनुकातील दोष म्हणजे काय?

आपल्या प्रत्येक पेशीत बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, दुसरी वडिलांकडून. काही जनुकांचे काम पेशींच्या वाढीवर अंकुश ठेवण्याचे किंवा पेशीतील बिघाड दुरुस्त करण्याचे असते. अशा जनुकाची एक प्रत जन्मतःच सदोष असेल तर सारा भार उरलेल्या प्रतीवर पडतो. पुढे एखाद्या पेशीत तीही बिघडली की अर्बुदाची वाढ सुरू होऊ शकते. लहान मुलांच्या डोळ्यातील कर्करोगाचा अभ्यास करून आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ साली हा विचार मांडला. अशा कुटुंबांत आजार तरुण वयात का येतो, याचा उलगडा त्यातून झाला.

त्याही पूर्वी, १८६६ साली, पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाने आपल्या पत्नीच्या माहेरच्या अनेक पिढ्यांतील स्तनकर्करोगाची नोंद केली होती. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली अशा कुटुंबांतील दोषाची जागा सतराव्या गुणसूत्रावर दाखवून दिली. १९९४ साली बीआरसीए-१ आणि १९९५ साली बीआरसीए-२ ही जनुके हाती आली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार, यांतील दोष असलेल्या स्त्रियांत वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनकर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते. अंडाशयाच्या कर्करोगाची शक्यता पहिल्या जनुकात ४४, तर दुसऱ्यात १७ टक्के आढळली. याच दोषांमुळे पुरुषांतही स्तनाचा, प्रोस्टेट ग्रंथीचा व स्वादुपिंडाचा कर्करोग संभवतो. लिंच सिंड्रोम या दुसऱ्या आनुवंशिक विकारात मोठे आतडे व गर्भाशय यांना धोका असतो.

एक कल्पित उदाहरण

समजा, उमरी तालुक्यातील एका छत्तीस वर्षांच्या स्त्रीस स्तनाचा कर्करोग झाला. तिच्या आईच्या माहेरी असा आजार कुणालाच नव्हता, म्हणून घरच्यांनी ‘आनुवंशिक नाही’ असे सांगितले. अधिक विचारणा केली तेव्हा कळले की वडिलांची आई पंचेचाळिशीत ‘पोटात पाणी होऊन’ वारली होती आणि आत्याच्या छातीत गाठ झाली होती. पोटात पाणी होणे हे अंडाशयाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. येथे दोष आजीकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातीकडे आला असण्याचा संभव आहे. मुलगा स्वतः मात्र ठणठणीत राहिला.

आपल्याकडे वडिलांच्या बाजूच्या स्त्रियांची माहिती सहज निसटते. लेक सासरी गेली की तिचे आडनाव बदलते, गाव बदलते आणि तिचा आजार सासरच्या घरचा ठरतो. म्हणून कुटुंबाचा इतिहास लिहिताना आजी, आत्या, मावशी, चुलत व मावस बहिणी यांची आठवणीने चौकशी करावी. कोणता अवयव, कोणत्या वयात, एका बाजूस की दोन्ही बाजूंस, एवढे लिहिले तरी डॉक्टरांचे काम पुष्कळ सोपे होते.

मामाची मुलगी करण्याची रीत आपल्या भागात आहे. अशा कुटुंबात दोष असल्यास तो आई व वडील या दोघांकडूनही येऊ शकतो. बीआरसीए-२ च्या दोन्ही प्रती सदोष असलेल्या बालकास फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा गंभीर विकार होतो. म्हणून विवाहापूर्वी सल्ला घेणे हिताचे असते.

तपासणी कोणाची, केव्हा?

पन्नाशीपूर्वी झालेला स्तनकर्करोग, दोन्ही स्तनांतील कर्करोग, पुरुषाच्या स्तनातील कर्करोग, एकाच बाजूच्या दोन-तीन नातलगांत एकाच गटातील कर्करोग, अशा वेळी जनुकीय सल्ला अवश्य घ्यावा. अंडाशयाचा कर्करोग झालेल्या प्रत्येक स्त्रीने तो घ्यावा. तपासणी रक्ताच्या वा लाळेच्या नमुन्यावर होते. शक्यतो ती प्रथम आजारी व्यक्तीची करावी. तिच्यात दोष सापडला तर त्याच दोषासाठी इतरांची तपासणी सोपी व स्वस्त होते.

वरील उदाहरणातील स्त्रीत दोष सापडला, असे समजू. तिच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात तो असण्याची शक्यता निम्मी. बहिणीत तो न आढळल्यास तिचा धोका इतर स्त्रियांइतकाच राहतो आणि तिच्याकडून तो दोष तिच्या मुलांकडे जात नाही. भावात आढळल्यास त्याच्या प्रत्येक मुला-मुलीत तो असण्याची शक्यता पुन्हा निम्मी. पहिल्या दोघांत आला नाही म्हणून तिसऱ्यात येईलच, असा हिशेब येथे नसतो. कधी अहवालात अनिश्चित अर्थाचा बदल नोंदलेला असतो. केवळ त्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये.

प्रौढपणी होणाऱ्या कर्करोगांसाठी अज्ञान मुलांची तपासणी करीत नाहीत. सज्ञान झाल्यावर निर्णय त्यांचा असतो. डोळ्यातील कर्करोगाची गोष्ट वेगळी. घरात तो असल्यास नवजात बाळाचे डोळे लगेच तपासावेत. बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली तर एक दिवसही दवडू नये.

कळून उपयोग काय?

उपयोग मोठा आहे. बीआरसीए दोष असलेल्या स्त्रीस पंचविशीपासून एमआरआय, पुढे मॅमोग्राफी असा नियमित तपास सुचविला जातो. अपत्ये झाल्यावर, साधारण ३५ ते ४५ या वयात, अंडाशय व बीजवाहिन्या काढल्यास त्या कर्करोगाचा धोका पुष्कळ घटतो. लिंच सिंड्रोममध्ये दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी केल्यास आतड्यातील गाठी कर्करोग होण्याआधीच काढता येतात. बीआरसीए दोष असलेल्या काही रुग्णांना त्याच दोषावर नेम धरणारी ओलापॅरिबसारखी औषधेही लागू पडतात.

महाराष्ट्रात टाटा मेमोरियल केंद्राचा कर्करोग जनुकशास्त्र विभाग अशा कुटुंबांना मार्गदर्शन करतो. खारघर येथील त्यांच्या संशोधन संस्थेतील या कार्यात डॉ. राजीव सरीन यांचा मोलाचा वाटा आहे. उमरीहून तेथवरचा प्रवास रात्रभराचा. रुग्ण उपचारांसाठी तो करतोच. निरोगी बहीण-भावाने मात्र मजुरी बुडवून केवळ सल्ल्यासाठी तेथे जावे, हे आपल्या भागातील कुटुंबास जड जाते. देणगीदारांच्या साहाय्याचे मोल अशा प्रसंगी विशेष जाणवते.

खर्चापेक्षाही मोठा अडसर लपवाछपवीचा आहे. मुलीचे लग्न मोडेल या भीतीने घरातील आजार शेजाऱ्यांपासूनच काय, सख्ख्या बहिणीपासूनही दडविला जातो. अहवाल गोपनीय ठेवण्याचा प्रत्येकास अधिकार आहे आणि डॉक्टरांनी तो पाळलाच पाहिजे. परंतु ज्या बहिणीच्या शरीरात तोच दोष असू शकतो, तिला वेळेवर सांगितले तर तिचे प्राण वाचू शकतात. हा दोष कुणाच्या पापाचे फळ नाही, तो स्पर्शाने पसरत नाही आणि दोष असणे म्हणजे रोग होणे नव्हे.

आमची वाचकांस विनंती आहे की, येत्या सणासुदीला लेकीबाळी माहेरी येतील तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून तीन पिढ्यांचा आरोग्य-वंशवृक्ष एका कागदावर लिहून काढावा. रुग्णालयात येताना तो कागद सोबत आणावा आणि त्याची एक प्रत सासरी जाणाऱ्या लेकीच्या हाती द्यावी.