डोंगरावरची शाळा

इटली देशात फ्लॉरेन्स नावाचे प्राचीन शहर आहे. चित्रकार व शिल्पकार यांचे शहर म्हणून त्याची कीर्ती जगभर पसरलेली आहे. या शहराच्या उत्तरेस मुजेल्लो नावाचा डोंगराळ मुलूख लागतो. त्या मुलखात, जोवी डोंगराच्या उतारावर, बार्बियाना ही एक लहानशी वस्ती आहे. वस्ती म्हणायची एवढेच. कारण तेथे पेठ नाही, चौक नाही, की ओळीने उभी राहिलेली घरे नाहीत. एक जुने चर्च, त्याला लागून पाद्र्याचे घर, जवळच एक चिमुकले कब्रस्तान आणि रानात इकडेतिकडे विखुरलेली शेतकऱ्यांची घरे, एवढाच त्या वस्तीचा पसारा. १९५४ साली तेथे वीज नव्हती, नळाचे पाणी नव्हते आणि चर्चपर्यंत पोचणारा गाडीरस्ताही नव्हता.

त्या वर्षाच्या डिसेंबर महिन्यात एक तरुण कॅथलिक धर्मगुरू या एकाकी ठिकाणी राहावयास आले. त्यांचे नाव लोरेंत्सो मिलानी. इटलीत धर्मगुरूच्या नावामागे आदराने ‘डॉन’ हा शब्द लावतात. म्हणून लोक त्यांना डॉन मिलानी म्हणत. त्यांचा जन्म १९२३ साली फ्लॉरेन्स येथे एका सधन व विद्यासंपन्न घराण्यात झाला होता. घरात ग्रंथांची रेलचेल होती. तरुणपणी त्यांनी चित्रकलेचा अभ्यास केला होता. परंतु पुढे त्यांच्या मनाने वेगळे वळण घेतले आणि १९४७ साली त्यांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली. बार्बियानास येण्यापूर्वी ते फ्लॉरेन्सजवळच्या एका गावी होते. तेथे त्यांनी कामगार व शेतकरी तरुणांसाठी रात्रीची शाळा चालविली होती. त्यांची स्पष्टोक्ती वरिष्ठांना रुचली नाही आणि त्यांची नेमणूक या दूरच्या डोंगरावर करण्यात आली.

दुसरा एखादा मनुष्य अशा वेळी खचून गेला असता. निदान तेथून लवकर सुटका व्हावी म्हणून खटपट करू लागला असता. डॉन मिलानींनी काय केले? डोंगरावर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी तेथील कब्रस्तानात स्वतःसाठी जागा विकत घेऊन ठेवली. ‘मी तुमच्यातलाच एक होऊन राहणार, परत जाण्यासाठी आलेलो नाही’ असेच जणू त्यांनी त्या कृतीने लोकांस सांगितले.

बार्बियानातील मुले गरीब शेतकऱ्यांची होती. मेंढ्या राखणे, लाकडे तोडणे, शेतात राबणे हे त्यांच्या बालपणाचे कार्यक्रम. डोंगरावरच्या प्राथमिक शाळेत एकाच खोलीत पाच वर्ग बसत आणि एकच शिक्षक त्या सर्वांना शिकवी. तेथील शिक्षण आटोपून एखादा मुलगा खालच्या गावातील मोठ्या शाळेत गेलाच, तर शहरी वळणाची भाषा त्याला नीट बोलता येत नसे. प्रश्न विचारला की तो खाली मान घाली. परीक्षेत नापास होई. एकदोन वर्षे तसेच चाले आणि मग तो मुकाट्याने मेंढ्यांकडे परत येई. त्याच्या आईवडिलांनाही वाटे, ‘आमच्या मुलाला डोकेच नाही, त्याला शाळा काय करणार?’

डॉन मिलानींना मात्र हे पटेना. मुलांजवळ बुद्धी आहे, कष्टाळूपणा आहे. त्यांच्याजवळ नाहीत ते शब्द, असे त्यांचे निदान होते. ज्याला आपले म्हणणे मांडता येत नाही आणि दुसऱ्याने लिहिलेला कागद वाचून त्यातील मेख ओळखता येत नाही, त्याच्यावर कोणीही अन्याय करावा! म्हणून या मुलांना आधी भाषा दिली पाहिजे, असे त्यांनी ठरविले. आणि अवघी सहा मुले घेऊन त्यांनी आपल्या घरातच शाळा सुरू केली.

ही शाळा पाहावयास येणारा मनुष्य प्रथम गोंधळून जाई. तेथे बाके नव्हती, शिक्षकाचे व्यासपीठ नव्हते, फळाही नव्हता. मोठमोठी टेबले होती आणि त्यांच्याभोवती मुले दाटीवाटीने बसत. पुष्कळदा पुस्तकाची एकच प्रत असे; तिच्याभोवती सगळ्यांची डोकी जमत. त्या डोक्यांतील एक डोके थोडे मोठे असून तेच इतरांना शिकवीत आहे, हे पाहुण्याच्या ध्यानात उशिरा येई. कारण या शाळेत मोठी मुले लहानांची शिक्षक होती. बाहेरच्या शाळेने ज्याला ‘ढ’ ठरविले होते, तोच येथे आपल्याहून लहान मुलांना गणित समजावून सांगत असे. आणि शिकविता शिकविता त्याचे स्वतःचे गणित पक्के होई.

या शाळेचा एक नियम सर्वांत महत्त्वाचा होता. ज्याला सर्वांत कमी समजते, त्याच्याकडे सर्वांनी सर्वांत अधिक लक्ष द्यावयाचे. त्याला समजल्याशिवाय पुढचा धडा नाही! हुशार मुलाने पुढे पळून जावयाचे नाही; मागे वळून सोबत्याचा हात धरावयाचा.

शाळा सकाळी लवकर भरे व संध्याकाळपर्यंत चाले. कित्येक मुले रानातून दीर्घ पायपीट करून येत. रविवार नाही, सण नाही, उन्हाळ्याची सुटी नाही. वर्षाचे ३६५ दिवस शाळा! हे ऐकून शहरी पाहुण्यांना मुलांची कीव येई. पण मुलांना त्याचे काहीच वाटत नसे. शाळेला सुटी म्हणजे दिवसभर गोठा आणि मेंढ्या, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

रोजच्या शिक्षणात एक विषय असा होता, की जो कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडणार नाही. तो म्हणजे वर्तमानपत्र. दररोज मुले एकत्र बसून वर्तमानपत्र वाचीत. कठीण शब्द आला की वाचन थांबे. तो शब्द कोठून आला, त्याचे भाऊबंद कोण, याचा शोध होई. एखाद्या दूरच्या देशाचे नाव आले की नकाशा पुढे येई. संपाची बातमी आली, तर कामगारांचे म्हणणे काय व मालकांचे म्हणणे काय, याची चर्चा होई. एका बातमीतून अशा रीतीने भाषा, भूगोल, इतिहास आणि नागरिकशास्त्र असे चारही विषय निघत. मुलांनी स्वतः काढलेले नकाशे व आलेख भिंतींवर लटकत असत. वर्गात येणारी पत्रेही सर्वांसमक्ष वाचली जात. पाहुणा आला तर त्याचीही सुटका नसे. तो वैद्य असो, वकील असो वा प्राध्यापक असो. त्याला टेबलापाशी बसवून मुले प्रश्नांवर प्रश्न विचारीत. ज्या मुलांना कालपर्यंत मान वर करणे जड जात होते, तीच मुले आता विद्वानांना म्हणत, ‘हा शब्द आम्हांला समजला नाही, सोपा करून सांगा.’

वाचनात थोर पुरुषांची चरित्रेही असत. येशू ख्रिस्ताचे चरित्र, सॉक्रेटिसाने न्यायसभेपुढे केलेले भाषण आणि महात्मा गांधींचे आत्मचरित्र ही या शाळेत वाचली जात. साबरमतीच्या संताचा शब्द इटलीतील मेंढपाळांच्या मुलांपर्यंत पोचला होता!

शिक्षण केवळ पुस्तकी नव्हते. शाळेत सुतारकाम व लोहारकाम चाले. उपयोगाच्या वस्तू मुले स्वतः तयार करीत. डोंगरातल्या या मुलांना पाण्याचे भय वाटे. तेव्हा सर्वांनी मिळून एक लहानसा तलाव बांधला आणि ती पोहावयास शिकली. चर्चसाठी मुलांनी रंगीत काचांचे एक चित्र तयार केले. त्यात पुस्तक वाचण्यात गढून गेलेला एक बालसंत दाखविला आहे. थोडी मोठी झालेली मुले उन्हाळ्यात इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी अशा देशांत जात, तेथे काम करून पोट भरीत आणि त्या देशाची भाषा शिकून परत येत.

भिंतीवर इंग्रजीत दोनच शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते : ‘आय केअर’. त्यांचा अर्थ, ‘मला त्याची कळकळ आहे.’ मुसोलिनीच्या राजवटीत त्याच्या अनुयायांचे एक आवडते वाक्य होते. त्याचा अर्थ ‘मला त्याची पर्वा नाही’ असा होता. त्या उद्दाम वाक्याला या शाळेने दोन शब्दांत उत्तर दिले होते.

१९६३ साली या शाळेत मारिओ लोदी नावाचे एक शिक्षक आले. ते पियादेना या गावाजवळच्या प्राथमिक शाळेत शिकवीत. त्यांच्या वर्गातील मुले मिळून लेख लिहीत व आपले छोटे वर्तमानपत्र काढीत. ही हकीकत ऐकून बार्बियानातील मुलांना हुरूप आला. त्यांनी पियादेनाच्या मुलांना सर्वांच्या वतीने एकच पत्र लिहावयाचे ठरविले आणि नोव्हेंबर महिन्यात ते पाठविले. त्यात त्यांनी आपल्या शाळेची सारी हकीकत सांगितली होती. हे पत्र लिहिताना ‘सर्वांनी मिळून लिहिणे’ ही कला त्यांच्या हाती आली.

पुढे या कलेची कसोटी लागण्याचा प्रसंग आला. बार्बियानातील काही मुले शिक्षक होण्यासाठी शहरातील शाळेत गेली आणि तेथे परीक्षेत नापास झाली. वर्षानुवर्षे असेच चालत आले होते. पण पूर्वीची मुले मुकाट्याने परत येत. ही मुले मुकी राहिली नव्हती. आठ मुलांनी एकत्र बसून, नापास करणाऱ्या बाईंस उद्देशून एक दीर्घ पत्र लिहावयास घेतले.

त्यांची पद्धत अशी होती. प्रत्येकाने खिशात एक लहान वही ठेवावयाची आणि विचार सुचला की तो लिहावयाचा. एका कागदावर एकच विचार. मग सारे कागद टेबलावर पसरावयाचे. सारखे विचार एकत्र करून त्यांचे ढीग लावावयाचे. त्या ढिगांची प्रकरणे होत. त्यानंतर प्रत्येक वाक्याची तपासणी सुरू होई. हा शब्द हवा आहे काय? हे वाक्य दोनदा आले आहे काय? कठीण शब्दाऐवजी सोपा चालेल काय? शेवटी शाळेबाहेरच्या माणसांना, विशेषतः फारसे न शिकलेल्यांना, ते वाचून दाखवावयाचे. त्यांना समजले नाही, तर दोष ऐकणाऱ्याचा नव्हे, लिहिणाऱ्याचा!

केवळ रागाने लिहून चालणार नाही, हेही मुलांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी आकडे गोळा केले. किती मुले नापास होतात, ती कोणत्या घरची असतात, त्यांचे वडील काय काम करतात, याची त्यांनी कोष्टके केली. तेव्हा असे दिसले, की शाळेतून गळणारी मुले बहुतांशी शेतकऱ्यांची व कामगारांची आहेत. सारी बुद्धी श्रीमंतांच्याच घरी जन्माला येते काय? मुलांनी हा प्रश्न साऱ्या देशाला विचारला. त्यांनी केलेल्या आकडेवारीच्या कामाबद्दल इटलीतील भौतिकशास्त्रज्ञांच्या संस्थेने त्यांना पारितोषिक दिले.

सुमारे एक वर्षाच्या परिश्रमानंतर, १९६७ सालच्या मे महिन्यात, हे पत्र पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. पुस्तकावर कोणा एकाचे नाव नव्हते. लेखक म्हणून शाळेचेच नाव होते. इटलीत त्या पुस्तकाने मोठी खळबळ उडवून दिली. कित्येक शिक्षक रागावले. कित्येक अंतर्मुख झाले. पुढे त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली आणि हिंदी भाषेतही ते पोचले.

डॉन मिलानी त्या वेळी असाध्य रोगाने अंथरुणास खिळले होते. आजारातही त्यांनी मुलांना शिकविणे सोडले नव्हते. पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर थोड्याच दिवसांनी, २६ जून १९६७ रोजी, वयाच्या ४४व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बार्बियानाच्या कब्रस्तानात, बारा वर्षांपूर्वी घेऊन ठेवलेल्या जागी, त्यांचा देह विसावला. २०१७ साली कॅथलिक पंथाचे सर्वोच्च धर्मगुरू पोप फ्रान्सिस हे स्वतः त्या डोंगरावर गेले आणि त्यांनी त्या समाधीपुढे प्रार्थना केली. ज्या जागी एका धर्मगुरूला जणू शिक्षा म्हणून धाडण्यात आले होते, ती जागा तीर्थासारखी झाली.

बार्बियानाच्या शाळेची इमारत मोठी नव्हती, तिच्याजवळ साधने तुटपुंजी होती आणि विद्यार्थीही मूठभर होते. पण मागे राहिलेल्या सोबत्यासाठी थांबण्याचे मोठेपण त्या शाळेत होते. ज्या वर्गात सर्वांत दुबळ्या मुलाचा प्रश्न हा सर्वांचा प्रश्न होतो, तो वर्ग कोणत्याही गावचा असो, त्याच्या भिंतीवर ते दोन शब्द न लिहिताच उमटलेले असतात.

स्वाध्याय

१. बार्बियानास आल्यावर डॉन मिलानींनी कब्रस्तानात जागा का घेतली असावी?
२. ‘मुलांजवळ बुद्धी आहे, त्यांच्याजवळ नाहीत ते शब्द.’ या विधानाचा अर्थ उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. एका बातमीतून चार विषय कसे शिकता येतात, ते आजच्या वर्तमानपत्रातील एक बातमी घेऊन दाखवा.
४. पत्र लिहिताना मुलांनी आकडे का गोळा केले?
५. चारपाच जणांनी मिळून, बार्बियानातील मुलांच्या पद्धतीने, आपल्या शाळेची हकीकत सांगणारे पत्र दुसऱ्या गावच्या शाळेस लिहा.