सुताराची होडी

१९१५ च्या जानेवारीत सर अर्नेस्ट शॅकल्टन यांचे ‘एन्ड्युरन्स’ जहाज दक्षिणेकडील वेडेल समुद्रात बर्फाने जखडले आणि पुढे त्याच्या दाबाखाली चेचले गेले. जहाजावरील २८ जणांनी तीन होड्यांतून एलिफंट बेट गाठले खरे. परंतु त्या निर्जन खडकाकडे कोण फिरकणार?

मदत होती ती सुमारे ८०० मैलांवरील साउथ जॉर्जिया बेटावर, आणि होडी अवघी साडेबावीस फुटांची! हॅरी मॅकनिश हा जहाजावरील सुतार. त्याने खोक्यांच्या फळ्या जोडून तिजवर कॅनव्हासचे छत ताणले. ते गोठलेले कापड चरबीच्या चुलीवर धरून मऊ करावे लागे. फटी बुजविण्यास डांबर कोठले? दिव्याची वात, चित्रकाराजवळचा तैलरंग आणि सीलचे रक्त यांवर त्याने भागविले.

२४ एप्रिल १९१६ रोजी सहा जण निघाले. मॅकनिशही त्यांत होता. १० मे रोजी होडी किनाऱ्यास लागली. पुढे तिघांना हिमाच्छादित डोंगर ओलांडावयाचे होते. त्यांच्या जोड्यांच्या तळव्यांना होडीतलेच स्क्रू बसविण्यात आले. ३० ऑगस्टला एलिफंट बेटावरील २२ जणही सुटले.

ध्रुवपदक मात्र मॅकनिशला मिळाले नाही. बर्फावर एकदा त्याने नायकाची आज्ञा मानण्याचे नाकारले होते. त्या होडीपुढे हा राग टिकावयास नको होता, असे वाटते. १९३० मध्ये न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे तो निवर्तला. त्याच्या लाडक्या मांजरास बर्फावर गोळी घालण्यात आली होती. २००४ मध्ये त्या मांजराची कांस्यमूर्ती त्याच्या थडग्यावर बसविण्यात आली.