आखलेला मार्ग यंत्रात उतरवताना

मोहाडी तालुक्यातील करडी वैनगंगेच्या पूर्वेस, तर तालुक्याचे ठाणे पश्चिमेस असल्यामुळे, या दोहोंमधील मोटारीचा मार्ग आखताना नदी कोणत्या पुलावरून ओलांडायची हेच मुख्यतः ठरवायचे असते. आणि संगणकावर विचारपूर्वक घेतलेला नेमका हाच निर्णय जीपीएस यंत्रात मार्ग उतरवताना चालकाच्या नकळत बदलू शकतो.

याचे कारण फाइलच्या रचनेत आहे. मार्गांची देवाणघेवाण ज्या जीपीएक्स स्वरूपात होते, आणि ज्याची २००४ सालची १.१ ही आवृत्ती आजही प्रचलित आहे, त्यात तीन प्रकारच्या नोंदी असतात : सुटे ठिकाण म्हणजे ‘वेपॉइंट’, क्रमाने गाठायच्या मोजक्या बिंदूंची मालिका म्हणजे ‘रूट’ आणि दाट बिंदूंनी रेखलेली वाट म्हणजे ‘ट्रॅक’. रूटमधील दोन बिंदूंमधला रस्ता बहुधा फाइलमध्ये नसतोच. यंत्र तो स्वतःच्या नकाशावरून, ‘कमी वेळ’ किंवा ‘कमी अंतर’ यांपैकी जी निवड केलेली असेल तिच्यानुसार, नव्याने शोधते. यंत्रातील नकाशा जुना असून त्यात एखादा पूल नसेल, तर लांबचा वळसा पदरी पडतो. उलट पावसाळ्यात बुडणारी वाट त्यात रस्ता म्हणून नोंदलेली असेल, तर गाडी थेट पाण्याच्या काठाशी जाऊन थांबते. याच भागातील कोका अभयारण्याच्या परिसरातून अंधारात परत फिरावे लागणे ही किरकोळ गैरसोय नव्हे.

म्हणून मधले बिंदू चौकात न ठेवता, पूल ओलांडल्यानंतरच्या सरळ रस्त्यावर, नकाशा पुरेसा मोठा करून बसवावेत. बिंदू शेजारच्या शेतात पडला, तर यंत्र तिथवर जाण्यासाठी आडवाट शोधू लागते. रूटसोबत त्याच मार्गाचा ट्रॅकही पाठवणे सर्वांत हिताचे, कारण ट्रॅकची रेघ यंत्र बदलत नाही आणि दोन्ही रेघा कोठे फुटतात हे पडद्यावर लगेच दिसते. अक्षांश-रेखांश हाताने भरताना अधिक जपावे लागते : जीपीएक्समध्ये ते दशांश अंशांत लिहितात, त्यामुळे २१ अंश १० मिनिटे हे २१.१० असे लिहिले (खरे मूल्य सुमारे २१.१६७), तर ठिकाण सात किलोमीटरांहून अधिक दक्षिणेस सरकते.

फाइल यंत्राच्या स्मृतीत पोहोचली म्हणजे मार्ग तयार झाला असे नाही. अनेक यंत्रांत ती पुढे प्रवासांच्या यादीत आयात करावी लागते. त्यानंतर एकूण अंतर संगणकावरील अंतराशी ताडून पाहावे आणि फरक आढळल्यास सर्वप्रथम नदीवरचा पूल तपासावा.