शाळेचं इयरबुक आणि मुलांचे फोटो: ऑर्डर घेण्याआधी हा हिशोब करा



मागच्या व्हिडिओत फोटो स्टुडिओ आणि प्रिंटिंगच्या दुकानाला शाळांकडून कोणकोणती कामं मिळू शकतात ते आपण बघितलं. आयकार्ड, ग्रुप फोटो, पासपोर्ट फोटो, स्नेहसंमेलनाचं शूटिंग आणि आता नव्याने मागणी आलेलं इयरबुक, म्हणजे दहावीच्या मुलांचा आठवणींचा अंक. व्हिडिओत हिशोब पटकन सांगून पुढे जावं लागतं. म्हणून इथे तो सावकाश मांडते. वही-पेन घेऊन बसा.

सुरुवात माझ्याच फजितीने करते.

माझी पहिली ऑर्डर

दुकान सुरू करून दोनच वर्षं झाली होती. जवळच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका बाई स्वतः दुकानात आल्या. दहावीच्या तीन तुकड्या, १२० मुलं. "निरोप समारंभाला प्रत्येकाच्या हातात रंगीत पुस्तक द्यायचंय, किती घ्याल?" मी प्रेसला फोन केला. ए-फोर साइज, ४० पानं, रंगीत, वर जाड कव्हर. प्रेसवाल्याने एका प्रतीचे ३०० रुपये सांगितले. मी त्यात ५० मिळवले आणि बाईंना म्हटलं, ३५०. मनातल्या मनात १२० गुणिले ५० केलं. सहा हजार नफा! बीबीएची पदवी भिंतीवर टांगलेली होती, पण कॉस्टिंगचा धडा काही आठवला नाही.

"सगळी मुलं घेतीलच ना, बाई?" मी विचारलं.

"अगं, घेतीलच. दहावीची आठवण आहे!"

आगाऊ रक्कम मागायला मला संकोच वाटला. १२० प्रती छापल्या. गेल्या ८७.

त्यात एका पानावर दोन मुलींची नावं एकमेकींच्या फोटोखाली गेली. पुस्तक सेंटर पिनचं होतं. म्हणजे ए-थ्री कागद मधोमध दुमडतो आणि एका कागदावर चार पानं येतात. एक पान चुकलं की तो अख्खा कागद परत छापायचा, सगळ्या पुस्तकांच्या पिना काढायच्या आणि पुन्हा मारायच्या.

हिशोब असा झाला:

- प्रेसचं बिल: १२० × ३०० = ३६,००० रुपये
- चुकलेला कागद परत छापणं: १२० × २४ = २,८८० रुपये
- पुन्हा पिन मारणं: १२० × १० = १,२०० रुपये
- मदतनीस मुलाचे दोन दिवस, प्रवास, नमुना प्रत: ३,५०० रुपये
- एकूण खिशातून गेले: ४३,५८० रुपये
- जमा: ८७ × ३५० = ३०,४५० रुपये

तोटा १३,१३० रुपये. यात माझे दोन दिवसांचं फोटोग्राफीचं काम आणि रात्री जागून केलेलं डिझाइन धरलेलंच नाही. तेही धरलं तर आकडा २४ हजारांच्या वर जातो. उरलेल्या ३३ प्रती कितीतरी दिवस दुकानाच्या माळ्यावर होत्या.

पैशांपेक्षा एक गोष्ट जास्त लागली. समारंभानंतर एक मुलगी दुकानात आली आणि हळूच म्हणाली, "ताई, पूर्ण पुस्तक नको. आमच्या वर्गाचं एकच पान मिळेल का?" घरून ३५० रुपये मिळणं शक्य नव्हतं. मी तिला माळ्यावरची एक प्रत देऊन टाकली. पण ज्या ३३ मुलांनी पुस्तक घेतलं नाही, त्यांच्यातली किती जणं अशी असतील, हा विचार मी ऑर्डर घेताना एकदाही केला नव्हता.

धडा पहिला: खर्चाचे दोन डबे करा

पहिल्या डब्यात स्थिर खर्च. एक प्रत छापा नाहीतर हजार छापा, हा खर्च तेवढाच राहतो. वरचंच काम धरू:

- फोटोग्राफीचे २ दिवस (मी रोज २,५००, मदतनीस रोज १,०००): ७,००० रुपये
- १२० फोटोंचं एडिटिंग, प्रत्येकी ५ मिनिटं: १० तास
- ४० पानांची मांडणी, प्रत्येकी अर्धा तास: २० तास
- प्रूफ आणि दुरुस्त्या: १० तास
- हे ४० तास × १५० रुपये: ६,००० रुपये
- प्रवास, नमुना प्रत, फोन: १,५०० रुपये
- कॅमेरा, लाइट यांची झीज: १,५०० रुपये
- एकूण: १६,००० रुपये

दुसऱ्या डब्यात प्रत्येक प्रतीचा खर्च. ४० पानं म्हणजे १० ए-थ्री कागद. दोन्ही बाजूंनी रंगीत छपाईचे कागदामागे २४ रुपये, म्हणजे २४०. लॅमिनेशनसह कव्हर ४०, पिन आणि कटिंग १०, वाया जाणारा कागद आणि पॅकिंग १०. एकूण ३०० रुपये.

हे दर माझ्या उदाहरणातले आहेत. तुमच्या गावातल्या प्रेसचे दर घालून हाच तक्ता परत करा.

आता बघा, प्रती बदलल्या की एका प्रतीची खरी किंमत कशी बदलते:

- १२० प्रती: १३३ + ३०० = ४३३ रुपये
- ८० प्रती: २०० + ३०० = ५०० रुपये
- ४० प्रती: ४०० + ३०० = ७०० रुपये

म्हणजे मी ३५० चा भाव दिला तेव्हा सगळ्या १२० प्रती गेल्या असत्या तरी मी तोट्यातच होते. प्रेसचा भाव हा आपला खर्च नसतो, तो खर्चातला एक भाग असतो. हे वाक्य दुकानात लिहून चिकटवा.

धडा दुसरा: "मुलं किती?" नाही, "पैसे भरलेली मुलं किती?"

इयरबुक ही मूळची अमेरिकन शाळांची पद्धत. तिथली जोस्टेन्स नावाची मोठी कंपनी १८९७ साली मिनेसोटातल्या ओवाटोना गावात दागिने आणि घड्याळदुरुस्तीच्या छोट्या दुकानापासून सुरू झाली. आज तिथे इयरबुक हा मोठा धंदा आहे. त्यांच्याकडून आपण एक गोष्ट जरूर उचलावी: पालक पुस्तक आधी नोंदवतात, पैसे आधी भरतात, आणि छपाई त्यानंतर होते.

आपल्याकडेही हे जमतं. शाळेला नम्रपणे सांगायचं: "बाई, नोंदणीची यादी आणि ६० टक्के रक्कम आली की छपाईला देते. यादीपेक्षा पाचच प्रती जास्त छापेन, त्या शाळेच्या ग्रंथालयासाठी आणि कार्यालयासाठी." त्या पाच प्रतींचा खर्चही आधीच धरून ठेवा.

भाव काढायचं सूत्र सोपं आहे: स्थिर खर्च भागिले खात्रीच्या प्रती, अधिक एका प्रतीचा खर्च, अधिक नफा. १२० मुलं असतील तर मी खात्रीच्या प्रती ८० च धरते. ५०० रुपये खर्च, त्यावर २० टक्के नफा, म्हणजे भाव ६०० रुपये.

आता तुम्ही म्हणाल, "ताई, ६०० कोण देणार?" बरोबर आहे. पण भाव कमी करायचा म्हणजे स्वतःची मजुरी सोडायची असं नाही. काम बदलायचं.

धडा तिसरा: ६०० वरून ४०० वर कसं यायचं

एक, पानं कमी करा. सेंटर पिनच्या पुस्तकाची पानं नेहमी ४ च्या पटीत असतात. ४० ऐवजी २४ घ्या. एका पानावर १२ फोटो बसवले तर १२० मुलं १० पानांत मावतात. उरलेली १४ पानं शिक्षक, सहल, क्रीडादिन आणि स्नेहसंमेलनाला. कागद १० वरून ६ वर आले, छपाई १४४ रुपये. कव्हर, पिन, पॅकिंग धरून प्रतीचा खर्च २०४. मांडणीचे ८ तास वाचले, म्हणून स्थिर खर्च १४,८००. ८० प्रतींवर तो १८५. एकूण ३८९, नफ्यासह साधारण ४७०.

दोन, कव्हरच्या आतल्या दोन बाजू आणि मागची बाजू जाहिरातीला द्या. मात्र शाळेची लेखी परवानगी घेऊनच. गावातला पुस्तकवाला, युनिफॉर्मचं दुकान, क्लासवाले सर. प्रत्येकी २,००० धरले तर ६,००० रुपये. ८० प्रतींवर ७५ रुपये कमी झाले. ४७० चे ३९५. भाव ठेवा ४००.

डिजिटल की ऑफसेट, हेही बरेच जण विचारतात. ऑफसेटला रंगीत कामासाठी चार रंगांच्या चार प्लेट लागतात, मशीन लावायला वेळ आणि कागद जातो. हा सगळा स्थिर खर्च. म्हणून १००-१५० प्रतींना बहुतेक वेळा डिजिटलच परवडतं. शाळेचा हजार प्रतींचा वार्षिक अंक असेल तर ऑफसेटचा भाव जरूर मागवा. दोन्ही कोटेशन लेखी घ्या.

धडा चौथा: चूक कॅमेऱ्यापाशीच थांबवा

या धंद्यात नफा खाते ती नावांची चूक. आता मी हे नियम पाळते:

- वर्गाचे फोटो सुरू करण्याआधी त्या तुकडीच्या हजेरीपटाचा फोटो घेते. प्रत्येक मुलाचा पहिला फोटो हजेरी क्रमांकाची पाटी हातात धरून, दुसरा पाटीशिवाय. गैरहजर मुलांची यादी त्याच दिवशी वर्गशिक्षकांना देते आणि त्यांच्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवते.
- फाइलला नाव तुकडी आणि हजेरी क्रमांकाचं. "आयएमजी ४५२१" असं नाव ठेवलं की घोळ झालाच.
- मुलांची नावं शाळेच्या जनरल रजिस्टरवरून घेते. दीक्षा की दिक्षा, हे आपण ठरवायचं नाही.
- मराठी मजकूर युनिकोडमध्ये टाइप करते आणि प्रेसला फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ देते. नाहीतर प्रेसच्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं फुटतात.
- फोटो ३०० डीपीआय, कडेला ३ मिलिमीटर ब्लीड. पूर्ण ए-फोर पानाचा फोटो २४८० × ३५०८ पिक्सेलचा हवा. शाळेने सहलीचे फोटो व्हॉट्सअपवर पाठवले तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगते.
- छापलेल्या नमुना प्रतीच्या प्रत्येक पानावर वर्गशिक्षकांची सही. सही नाही, तर छपाई नाही.

पोर्ट्रेट काढतानाच त्यातून आयकार्ड आणि पासपोर्ट फोटोही तयार करा. ३५ × ४५ मिलिमीटरचे ८ फोटो एका ४ × ६ इंची कागदावर बसतात. मूल एकदाच उभं राहतं आणि तुमची तीन कामं होतात. त्यामुळे फोटोग्राफीच्या दिवसांचा खर्च एकट्या पुस्तकावर पडत नाही.

आणि एक जबाबदारी. ही लहान मुलं आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. शाळेमार्फत संमतीपत्र घ्या. मुलांचे फोटो दुकानाच्या इन्स्टाग्रामवर जाहिरात म्हणून टाकू नका. काम संपल्यावर फाइली किती दिवस ठेवणार, ते शाळेशी लेखी ठरवा.

दुसऱ्या वर्षी काय झालं

मी त्याच बाईंकडे परत गेले. मागच्या वर्षीचा हिशोब कागदावर त्यांच्यापुढे ठेवला. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अगं, हे आधी का नाही सांगितलंस?" खरंच, का नव्हतं सांगितलं?

त्या वर्षीही १२० मुलं होती. २४ पानं, भाव ४००, नोंदणी आली ९२ ची. ९७ प्रती छापल्या.

- जमा: ९२ × ४०० = ३६,८०० अधिक जाहिराती ६,००० = ४२,८०० रुपये
- खर्च: १४,८०० अधिक ९७ × २०४ = ३४,५८८ रुपये
- नफा: ८,२१२ रुपये, आणि तोही माझी मजुरी काढून!

आणखी दोन नियम मी तेव्हापासून लावलेत. पुस्तक घेवो न घेवो, प्रत्येक मुलाचा फोटो पुस्तकात असणारच. आणि ज्याला पूर्ण पुस्तक नको, त्याला आपल्या वर्गाचं एक पान लॅमिनेशन करून ३० रुपयांत मिळणार. यात मला फारसं काही सुटत नाही. पण माळ्यावर एकही प्रत पडून नाही, आणि एकच पान मागायला कुणाला हळू आवाजात बोलावं लागत नाही.

तुमचा गृहपाठ

जवळच्या दोन प्रेसमधून २४ पानांच्या ६०, ८० आणि १२० प्रतींचं लेखी कोटेशन आणा. वरचे दोन डबे भरा. स्वतःच्या तासाचा दर लिहायला विसरू नका, निम्मे लोक तिथेच चुकतात. तिन्ही संख्यांना भाव किती येतो ते काढा आणि मगच शाळेची पायरी चढा.

पुढच्या लेखात शाळेला द्यायचं कोटेशन कसं लिहायचं ते बघू. तोपर्यंत हिशोब चोख ठेवा. भेटूया!